उभं गवत

१४ जुलै

ही डायरी पेंडेच्या पोत्यांबरोबर फुकट आली. पुठ्ठ्यावर गाईचं चित्र आहे, गाय हसतेय. हे म्हणाले, तूच घे, मला काय लिहायचंय. मी पाचवीपर्यंत शिकले. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे पण माझं मला वाचता येतं. इथं बोलायला माणूस नाही म्हणून लिहिते.

काल आलो. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं नळ, बाजूला गोठा. मागच्या खोलीची खिडकी बाहेरून फळ्या ठोकून बंद केलेली होती. सामान उतरवायच्या आधी ह्यांनी त्या फळ्याच काढल्या. मी म्हटलं, अहो आधी शेगडी तरी मांडू द्या. ऐकलंच नाही. फळ्या निघाल्या आणि मला वाटलं समोर भिंत आहे. भिंत नव्हती, गवत होतं. ह्यांच्या डोक्याच्या वर. करडं, वाळकं, एकमेकांत गुंतलेलं. जुनं पडलंय, त्याच्यावर पुढच्या सालचं पडलंय, त्याच्यावर आणखी. तारेच्या पलीकडं जिथवर नजर जाते तिथवर तेच.

आमची पोर ठकी नुकती चालायला लागलीय. खिडकीचे गज धरून उभी राहिली आणि गवताकडं बघून हात हलवला. कुणी जाताना टाटा करतो तसा. कुणीच नव्हतं तिथं. 

१६ जुलै

हे आधी लाकडाच्या वखारीत होते. पगार वेळेवर, राहायला सासूबाईंची खोली. एकच खोली, पण भांडायला तरी माणूस होतं. एक दिवस घरी आले आणि म्हणाले, कुरणावर गुरं राखायचं काम घेतलंय, तिथंच राहायचं. विचारलं नाही, सांगितलं. सासूबाईंनी ते ऐकलं, हातातलं भांडं खाली ठेवलं आणि तेव्हापासून ह्यांच्याशी बोलल्या नाहीत. निघालो तेव्हा दारातसुद्धा आल्या नाहीत. मला वाटलं राग माझ्यावर आहे, मीच लेकाला उठवून नेतेय असं. ठकीला मात्र इतकं आवळून धरलं की ती रडायला लागली.

कामाचं असं आहे. हे कुरण कितीतरी वर्षं बंद होतं. गुरांना आत सोडायचंच नाही असा हुकूम. आता कुरणाच्या ऑफिसातल्या बाई म्हणतात गुरं आणा. गुरं दूध डेअरीची, राखायची ह्यांनी. ह्या हंगामात जमलं तर कायम, नाही तर आपण आपल्या घरी. बाईंना मी गवतबाई म्हणते. तोंडावर नाही.

आज त्या आल्या होत्या. मी चहा देता देता विचारून घेतलं, की आधी तारा ठोकून गुरं हाकललीत, आता तारा ठोकून गुरं आणताय, मग मधली एवढी वर्षं काय केलंत?

हे माझ्याकडं बघायला लागले. पण गवतबाई हसल्या. म्हणाल्या, "चुकलो. बंद केलं की बरं होईल असं वाटलं होतं."

मग समजावून सांगितलं. गवत कुणी खाल्लं नाही की उभ्या उभ्या मरतं. मेलेलं तिथंच पडतं, खाली ऊन पोचत नाही, बारकी रोपं, फुलं सगळी गुदमरतात. जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात, त्यांना पाय ठेवायला जागा राहत नाही. गुरं खातात, तुडवतात, शेण टाकतात, मग जमीन श्वास घेते. पण एकाच जागी ठेवली तर बोडकं करून टाकतात. म्हणून बॅटरीच्या, हलका झटका देणाऱ्या तारेनं तुकडे पाडायचे. एक तुकडा अर्धामुर्धा खाल्ला की गुरं पुढच्या तुकड्यात, आणि मागच्याला दम खाऊ द्यायचा.

ऐकायला बरं वाटलं. त्या गाडीत बसून गेल्या आणि आम्ही राहिलो गवताशेजारी.

१९ जुलै

गुरं आली. पुढं एक म्हातारी गाय आहे, एक शिंग अर्धं मोडलेलं, गळ्यात पितळेची घंटा. ती जाईल तिकडं बाकीच्या. तिला सगळे म्हातारीच म्हणतात. गाई घंटेचा आवाज ऐकून चालतात, मागं वळून बघतसुद्धा नाहीत.

नळाला पाणी येईना तर हे सरळ गोठ्यामागं गेले, मातीत हात घातला आणि चावी फिरवली. मी म्हटलं, तुम्हाला कसं ठाऊक तिथं चावी आहे? म्हणाले, असते तिथंच.

चरायला सोडतात तेव्हा हे गुरांच्या पुढं चालतात. हातात लांब काठी, जमिनीत खुपसत खुपसत. साप असतील म्हणून असणार. माझ्या माणसाला एवढी काळजी घेताना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी सगळं गप्प झाल्यावर गवतातून आवाज आला. लहान पोर हसतं ना, हसता हसता दम लागतो, तसा. मी ठकीकडं बघितलं. ती झोपली होती.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, पक्षी आहे तो.

२३ जुलै

गवतबाई जमिनीवर लोखंडी चौकट टाकतात आणि आत काय काय उगवलंय ते मोजतात. बंद गवतात चौकट टाकली तर आत एकच जात. खाली नुसता कुजका थर, हात घातला तर मनगटापर्यंत जातो. त्यांना विचारलं, हसल्यासारखा आवाज करणारा पक्षी कोणता?

म्हणाल्या, होता इथं पूर्वी. त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललंय. "पण तो गेला हो कधीच. गेल्या कित्येक वर्षांत कुणी ऐकला नाही."



२ ऑगस्ट

मधले दिवस लिहिलं नाही. ठकीला दात येतायत, सगळं घर डोक्यावर.

पहाटे दूध न्यायला डेअरीची गाडी येते. ड्रायव्हर बोलका आहे. रोज तेच विचारतो, "काय वहिनी, आहात का अजून?" मी म्हणते, नाही, गेले, ही माझी बहीण. आज मात्र कॅन चढवता चढवता म्हणाला, तुमच्या आधी इथं राहायचे त्यांचं काय झालं, माहितेय ना? मी म्हटलं का. मग त्यानं सांगितलं. पूर्वी इथं गुराखी राहायचा, बायको-मुलांसकट. त्याची धाकटी मुलगी दारातून गेली ती आलीच नाही. चालायला लागलेली पोर. आता लोक म्हणतात, कापायला राखून ठेवलेल्या उंच गवतात गेली असणार. दिवसचे दिवस शोधलं, काही मिळालं नाही. लोक म्हणाले गुरांनी तुडवली असेल, कुणी म्हणालं उचलून नेली. तेव्हापासून गुरं बंद, कुरण बंद, तार ठोकली. गुराखी झुरून मेला, बाकीची कुठं गेली कुणास ठाऊक.

 हे जेवायला बसले तेव्हा मी सगळं सांगितलं. म्हटलं, आपण जाऊ या, मला नको हे घर. ह्यांनी घास तसाच ताटात ठेवला. उठून बाहेर गेले, नळाखाली हात धरून उभे राहिले कितीतरी वेळ. ड्रायव्हरच्या गप्पा ऐकते म्हणून रागावले असणार.

५ ऑगस्ट

लिहायला लाज वाटते. आज ठकीला कमरेला कापड गुंडाळून दोरीनं पलंगाच्या पायाला बांधून ठेवली. कपडे धुवायचे होते, एका डोळ्यानं कपडे आणि एका डोळ्यानं पोर कसं जमायचं? ती रडली नाही. खिडकीच्या बाजूला जेवढी दोरी पुरते तेवढी जाऊन बसली.

पोरीला गुरासारखं बांधायचं आणि गुरं मोकळी. काय पण घर मिळालंय.

११ ऑगस्ट

युक्ती सुचली. गोठ्यातल्या पेटीत जादा घंटा आहेत, लहान मोठ्या. त्यातली एक लहान दोऱ्यात ओवून ठकीच्या कमरेला बांधली. चालली की वाजते. मला घरात काम करताना कळतं कुठं आहे ते. तिलाही आवडलीय, मुद्दाम उड्या मारते.

ह्यांना सांगितलं नाही. डेअरीची वस्तू, उगाच बोलतील. ते गुरांकडं गेले की बांधते, यायच्या आधी सोडते.

२६ ऑगस्ट

पहिल्या तुकड्याकडं जाऊन आले, ठकीला कडेवर घेऊन. विश्वास बसत नाही. गुरं उठून गेली तेव्हा तिथं सगळं तुडवलेलं, शेणानं भरलेलं होतं, मी म्हटलं वाट लावली. आता घोट्याएवढं हिरवंगार आहे. गाईच्या खुरांचे खड्डे आहेत ना, त्या एकेका खड्ड्यात रोप उगवलंय. जांभळी फुलं आहेत, टाचणीच्या डोक्याएवढी. शेणाचे गोळे ढकलत किडे चाललेत. गवतबाई चौकटीशेजारी गुडघ्यावर बसल्या होत्या, मोजता मोजता थांबून म्हणाल्या की हे बी कुठून आलं असेल सांगा. मी म्हटलं, गुरांच्या पोटातून. म्हणाल्या, थोडं तसंही. पण बरंचसं इथंच होतं. खाली पडून होतं इतकी वर्षं, वर कुणी हात लावत नव्हतं म्हणून.

ठकीला खाली सोडलं. पहिल्यांदाच इथं माझा जीव खाली-वर झाला नाही. ती कुठंही गेली तरी दिसत होती.

९ सप्टेंबर

सासूबाई आल्या. न कळवता, दूधगाडीत बसून. ह्यांच्याशी अजून बोलत नाहीत, माझ्यामार्फत बोलतात. त्याला सांग चहा गार होतोय. चहा आणि लेक दोघं समोरच.

मागच्या खोलीत गेल्या नाहीत. पुढच्या खोलीतही भिंतीकडं तोंड करून बसल्या, दाराकडं पाठ. ठकीला मांडीवरून उतरूच देईनात. मग त्यांच्या हाताला कमरेची घंटा लागली. आज हे घरात होते, पण मी गडबडीत सोडायची विसरले होते. हे तेवढ्यात गोठ्यात गेलेले, म्हणून बरं.

सासूबाईंनी दोरा सोडायला बघितला, गाठ सुटेना, तर दातानं तोडला. म्हणाल्या, "गुरांची घंटा पोरीला बांधू नको. तुला वाटेल, ऐकू येतेय."

आता ऐकू यावी म्हणूनच तर बांधली. काय बोलतात त्यांचं त्यांनाच माहीत.

दुपारी आम्ही दोघी पुढच्या खोलीत होतो. मागून तो आवाज आला, हसण्याचा. मी मान वर केली. काही बोलले नव्हते. सासूबाईंनी ठकीचं तोंड खांद्यावर दाबून धरलं आणि म्हणाल्या, वारा आहे.

वारा नव्हता. दारात वाळत घातलेलं फडकं हलत नव्हतं.

१० सप्टेंबर

सासूबाई पहाटेच्या गाडीनं गेल्या. जाताना मला म्हणाल्या, ठकीला घेऊन चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, आई, ह्यांना एकट्याला कसं टाकू? त्या म्हणाल्या, तो एकटा नाहीये इथं. मला वाटलं गुरांबद्दल म्हणतायत.

घंटा परत बांधली. काय करू.

४ ऑक्टोबर

ह्यांचं आणि गवतबाईंचं वाजलं. मागच्या खिडकीतून दिसतो तो दूरचा शेवटचा तुकडा. बाकी सगळे तुकडे चारून झाले, हा एक उरलाय. हे म्हणाले आता हा घेऊ. गवतबाई म्हणाल्या, यंदा हा उभाच ठेवायचा. एका वर्षात सगळं चारत नाहीत, दडायला उंच गवतही लागतं, पाखरांना, सशांना. पुढच्या वर्षी ह्याची पाळी, तेव्हा दुसरा उभा ठेवू.

हे म्हणाले, पुढच्या वर्षी आम्ही इथं असू कशावरून?

त्या म्हणाल्या, जमलंय की सगळं, का नसाल? खरंच जमलंय. चौकटीत आता मोजायला वेळ लागतो त्यांना. मग हे एकदम म्हणाले, "मला गवत खाली आलेलं बघायचंय. तेवढं करू द्या."

गवतबाई गोंधळल्या. मीही. एवढं हातापाया पडल्यासारखं मी ह्यांना कुणाशी बोलताना पाहिलं नव्हतं, आणि तेही गवतासाठी.

नाहीच म्हणाल्या त्या. संध्याकाळी हे जेवले नाहीत.

११ ऑक्टोबर

हे रोज त्या तुकड्याच्या तारेपाशी जाऊन उभे राहतात. म्हातारीसुद्धा. दोघं शेजारी शेजारी, एकाच बाजूला तोंड करून. हसायला यावं असं आहे, पण मला हसू येत नाही. गाय कान टवकारून उभी असते. चरत नाही, रवंथ करत नाही.

मी ह्यांना म्हटलं, ती गाय परत करा डेअरीला. मला भीती वाटते तिची. म्हणाले, तिला काय भ्यायचं, ती ऐकते नुसती.

काय ऐकते, ते नाही सांगितलं.

१८ ऑक्टोबर

आजच लिहून ठेवते. नंतर मलाच खोटं वाटेल.

आज हे आणि गवतबाई पलीकडच्या टोकाला तारा गुंडाळायला गेले होते. गुरं घराजवळच्या, गोठ्याला लागून असलेल्या मोकळ्या तुकड्यात. मी नळावर कपडे धूत होते. ठकी दारात खेळत होती. घंटा वाजत होती. थांबून थांबून, मधेच जोरात. मी मनात म्हटलं, आहे, आहे इथंच. चादरी होत्या, पिळायला वेळ लागला. घंटा वाजतच होती.

शेवटची चादर टाकून वळले. म्हातारी गोठ्याच्या खांबाला मान घासत होती. घासली की घंटा वाजायची. थांबली की थांबायची. ती ऐकत बसले होते मी.

दारात कुणी नव्हतं.

मी कशी ओरडले मला माहीत नाही. पाण्याच्या हौदावर चढले. आणि दिसलं. सगळं कुरण दिसलं, घोट्याएवढं हिरवं, पार टोकापर्यंत. जुलैत मला हौदावरून पुढची तारसुद्धा दिसली नसती. लांबवर लाल ठिपका हलत होता. ठकीचा फ्रॉक. ती उभ्या गवताच्या अगदी कडेला पोचली होती. मी उडी टाकली आणि पळाले. पळता पळता बघतेय तर तारेखालून वाकली आणि आत गेली. लाल रंग गेला. नुसतं गवत राहिलं.

मग आत घंटा वाजली. लहान घंटा, उड्या मारल्यासारखी. मी थांबले, कुठल्या बाजूला ते कळेना. गवतात आवाज सगळीकडूनच येतो. तेवढ्यात माझ्या बाजूनं म्हातारी गेली. पळत. तिच्यामागं सगळी गुरं. तारेत वीज नव्हती, बॅटरी पलीकडं नेलेली. म्हातारीनं छातीनं तार तोडली आणि सरळ आत. ना डावीकडं, ना उजवीकडं. तिला माहीत होतं कुठं जायचंय. मागच्या गुरांनी गवत आडवं केलं, रस्ता झाला, त्या रस्त्यावरून मी पळाले.

गुरं थांबली होती, गोल. मी त्यांच्या अंगाखालून घुसले. मधे म्हातारी आडवी उभी होती, पुढचे पाय रोवून, थरथरत होती. ठकी तिच्या पुढच्या पायाला मिठी मारून उभी. आणि त्यांच्या पुढं, हातभर अंतरावर, जमीन नव्हती. कुजक्या फळ्या आणि त्याच्यावर गवताचा थर, आणि मधे काळं भोक. विहीर. त्या भोकाकडं बघून ठकी हात हलवत होती.

मी तिला उचललं आणि तिथंच बसले. 

हे आले. आधी ठकीला हात लावतील असं मला वाटलं. ते विहिरीपाशी गेले, पोटावर पडून आत बघितलं आणि कुणाला तरी हाक मारली. "छकुली." आमच्यात असं कुणी नाही. मोठ्या माणसाचा आवाज नव्हता तो, लहान मुलगा हाक मारतो तसा होता.

गवतबाई मागून आल्या, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. 

१९ ऑक्टोबर

कालचं एक लिहायचं राहिलं. ठकीचे कपडे बदलताना बघितलं तर कमरेला घंटा नव्हती. वाटलं गवतात पडली. आज दार झाडताना उंबऱ्याच्या फटीत मिळाली, दोरा तुटलेला. म्हणजे ठकी दारातून निघाली तेव्हाच ती पडली होती.

मग आत काय वाजत होतं? मी ऐकलं. म्हातारीनं ऐकलं, नाही तर ती पळालीच नसती.

 

२१ ऑक्टोबर

पोलीस आले, ऑफिसातले साहेब आले, दोर घेऊन माणसं खाली उतरली. वर जे आणलं ते मी पाहिलं नाही. फक्त घंटा पाहिली, पितळेची, लहान. पेटीतल्या घंटांसारखीच. आत माती घट्ट भरून दगड झालेली. वाजणं शक्यच नव्हतं.

सासूबाईंना निरोप गेला होता. त्या आल्या, मागच्या खोलीत गेल्या, खिडकीपाशी बसल्या. मी मागं उभी. मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडं न बघता. ड्रायव्हरनं सांगितलेला गुराखी म्हणजे माझे सासरे. गेली ती ह्यांची धाकटी बहीण. सासूबाईंनीच तिला घंटा बांधली होती, कामाच्या घाईत कळावं म्हणून. त्या दिवशी सगळी दुपार त्यांना घंटा ऐकू येत होती. वासराची होती.

"मी सगळ्यांना सांगितलं, घंटा गोठ्याकडं वाजत होती," त्या म्हणाल्या. "शपथेवर सांगितलं. मग सगळे इकडंच शोधत राहिले. तिकडं राखलेल्या गवतात कुणी गेलंच नाही."

विहीर म्हणे त्याच्याही आधीच्या काळातली. फळ्या टाकलेल्या होत्या, वर गवत. कुणाच्या लक्षातही नव्हती.

मला सगळं आठवायला लागलं. काठी, नळाची चावी, ताटातला घास. तीन वर्षं ह्या माणसाबरोबर राहतेय मी. मला वाटत होतं हे साप शोधतायत.

सासूबाईंनी माझ्या हातातली ठकीची घंटा काढून घेतली. मी माफी मागायला गेले. त्या म्हणाल्या, राहू दे. मी तरी कुठं सांगितलं तुला.

३० ऑक्टोबर

तिचं जे करायचं होतं ते केलं. हे रडले. मला बरं वाटलं ते रडले म्हणून.

आज मोठे साहेब आले. विहीर बुजवायचं ठरलं, ते ठीक. पण मग म्हणाले, धोका नको, कुरण परत बंद करू. गुरं डेअरीला परत, तारा पक्क्या. गवतबाई कागद काढून दाखवायला लागल्या, आधी एक जात होती, आता बघा किती आहेत. साहेब नुसते मान हलवत होते. माझ्या मनात आलं, झालं, सुटलो, जाऊ घरी. खरं सांगते, आलं मनात. आणि लगेच तो हौद आठवला. हौदावरून दिसलेला लाल ठिपका.

मी बोलणार तोवर सासूबाई खुर्चीवरून उठल्या.

"एकदा बंद केलंत," त्या म्हणाल्या. "माझी पोर वीस वर्षं खाली राहिली. आता गुरं चरू देत साहेब. माणसाला दिसू दे."

साहेबांनी टोपी काढून हातात घेतली. मग चहा न पिताच गेले. संध्याकाळी गवतबाईंचा फोन आला, गुरं राहणार. मोकळ्या तुकड्यांत पाळीपाळीनं चरायची, आणि गुरं फोडून गेली त्या तुकड्यात उरलंय ते उभं ठेवायचं, विहिरीभोवतालचं सोडून.

सासूबाई आता इथंच असतात. ह्यांच्याशी बोलतात, म्हणजे ओरडतात. ड्रायव्हर विचारतो, "वहिनी, आहात का?" तर त्याच आतून सांगतात, आहोत, आणि एक वाढलंय.

२ डिसेंबर

आज सकाळी गवतबाई धावत आल्या, चपला हातात. पक्षी आला. पहिल्या तुकड्यात, वाळलेल्या शेणाशेजारी, पोटाखाली दोन अंडी. आम्ही सगळे लांबून बघायला गेलो. मातीच्या रंगाचा, लांब पायांचा, असा बसलेला की दाखवल्याशिवाय दिसायचा नाही. त्याचा जोडीदार जरा पुढं चालत होता. गवतबाईंनी तोंडावर बोट ठेवलं, मग तो ओरडला. तीनदा.

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. गवतबाईंच्या डोळ्यांत पाणी. हे माझ्याकडं वळले, ह्यांचा चेहरा इतका मोकळा मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. म्हणाले, "ऐकलंस? मी म्हटलं नव्हतं, पक्षी आहे म्हणून? हाच आवाज ना तुला यायचा?"

हसण्यासारखा आहे तो आवाज, खरं आहे. थोडा चिरका, शेवटी तुटल्यासारखा.

दुपारी यायचा तो हा नव्हता. दम लागून हसणारा तो दुसरा होता. विहीर उघडली त्या दिवसापासून तो आलेला नाही. ठकी अजून खिडकीत उभी राहते, पण हात हलवत नाही आता.

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनाही कळलं होतं.

मी ह्यांना म्हटलं, हो, हाच.